मदत हवी आहे: दोन मजली ऑफिसात वायफाय मध्येच अडकतं

नमस्कार मंडळी. लोक लॅपटॉप घेऊन खालून वरच्या मजल्यावर मीटिंगला गेले की व्हिडिओ कॉल अडकतो. वरचा ॲक्सेस पॉइंट (वायफाय सिग्नल देणारा डबा) अगदी डोक्यावर असतो, तरी लॅपटॉप खालच्यालाच चिकटून बसलेला! सिग्नलची जेमतेम एक काडी दिसते.

२.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे चॅनेल वाटून दिले आहेत, पण शेजारच्या ऑफिसांची गर्दी आहेच. ५ गिगाहर्ट्झला वेग चांगला मिळतो, मात्र जाड भिंतीपलीकडे फारसं पोचत नाही. रिपीटर नकोच, असं माझं मत. एकाच रेडिओवर घेणं आणि पुढे देणं म्हणजे वेग जवळपास निम्म्यावर येतो.

तर प्रत्येक ॲक्सेस पॉइंटपर्यंत केबल ओढावी की मेश (पॉइंट एकमेकांना बिनतारी जोडणं) पुरेल? अंतर १०० मीटरच्या आत आहे, पीओई स्विच घेतला तर वीजही त्याच केबलमधून जाईल. ट्रान्समिट पॉवर कमी केल्यावर लॅपटॉप वेळेवर दुसरा पॉइंट पकडतात का, की ८०२.११आर (एका पॉइंटवरून दुसऱ्यावर झटपट जाण्याची सोय) चालू करावंच लागतं? त्याने जुने प्रिंटर अडतात का?

पाहुण्यांसाठी वेगळं व्हीलॅनही (त्याच यंत्रणेवर अलग ठेवलेलं नेटवर्क) करायचं आहे. कोणी स्वतः हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.