मागचा डिस्क ब्रेक तापला की चाक जॅम. पूर्ण मास्टर सिलेंडर बदलू का?

कपाशीवाला (मारेगाव, जि. यवतमाळ)
१५० सीसी गाडी, मागे डिस्क, एबीएस नाही. ८-१० किलोमीटर गेलं की मागचं पेडल कडक होत जातं, जळका वास येतो आणि डबल स्टँडवर चाक हाताने फिरत नाही. अर्धा तास सावलीत उभी ठेवली की आपोआप मोकळं. पॅड नवे टाकले, कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावलं, काही फरक नाही. मिस्त्री म्हणतो पूर्ण मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) बदला. आतल्या कप-पिस्टनच्या किटवर भागेल का?

पाना१२
भाऊ, आधी दाब कुठं अडकतो ते पाहा. चाक जॅम असतानाच, थंड होऊ न देता:

पेडल सोडलेलं असताना मास्टर सिलेंडरचा पुशरॉड (पेडलपासून आत ढकलणारी दांडी) बोटांनी फिरतो का? फिरत नसेल तर लॉकनट ढिला करून साधारण १ मिलिमीटर मोकळी चाल द्या. तेवढ्यानं चाक सुटलं तर सेटिंगच चुकलेली. नाही सुटलं तर कापड धरून मास्टर सिलेंडरवरचा बँजो बोल्ट (ब्रेक पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) हलकेच ढिला करा. ऑइल उडून चाक मोकळं झालं तर मास्टर सिलेंडर दाब सोडत नाही. तिथं सुटलं नाही, पण कॅलिपरचं एअर काढायचं निप्पल उघडल्यावर सुटलं, तर पाइप आतून फुगलाय. निप्पल उघडूनही जॅम, तर कॅलिपरचा पिस्टन.

हे तापल्यावरच का होतं? सिलेंडरच्या आत ब्रेक ऑइलच्या टाकीकडं जाणारं एक बारीक छिद्र असतं. पेडल सोडल्यावर रबरी कप त्याच्या मागं सरकतो आणि तापून वाढलेलं ऑइल तिथून टाकीत परततं. छिद्र झाकलेलं राहिलं की दाब पॅडवरच बसतो, डिस्क आणखी तापते, दाब आणखी वाढतो. उन्हाळ्यात दुपारी तर विचारूच नका.

धुऱ्यावरचा
एवढं कशाला? पुशरॉड चांगला ५-६ मिलिमीटर ढिला करून टाका, जॅम होणारच नाही.

पाना१२
नका करू. तेवढी चाल दिली तर अर्धं पेडल रिकामंच जाईल, आणि ऐन वेळेला ब्रेक लागणार नाही.

कपाशीवाला
पुशरॉड मोकळा फिरतो. बँजो ढिला केल्याबरोबर पिचकारी उडाली आणि चाक सुटलं. म्हणजे मास्टर सिलेंडरच. छिद्रात कचरा असेल का?

वऱ्हाडी गॅरेज
असू शकते, पण आधी टाकीचं झाकण काढून खालचं रबर पाहजो. ते फुगून मोठं झालं काय? परत खाचेत बसते काय? आणि शेवटचं ऑइल कोणतं टाकलं?

कपाशीवाला
रबर लाटांसारखं वाकडं झालंय, दाबूनही बसत नाही. गेल्या महिन्यात पातळी खाली गेली होती, गावात ब्रेक ऑइल मिळालं नाही म्हणून शॉकअपचं ऑइल थोडं टाकलं होतं.

वऱ्हाडी गॅरेज
झालं बाप्पा, हेच ते! ब्रेकचं रबर डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं. शॉकअप ऑइल, इंजिन ऑइल, डिझेल, काहीही खनिज तेल लागलं की ते फुगते. आतला कप फुगून छिद्रावरच बसला आहे. खात्री करायची तर टाकीतलं ऑइल काचेच्या ग्लासात पाण्यावर टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, तेल वर तरंगते.

आता नुसतं मास्टर किट टाकून चालणार नाही. नवा कप त्याच तेलात पुन्हा फुगेल. मास्टर किट, कॅलिपरची दोन्ही सीलं, टाकीचं रबर, टाकी ते सिलेंडरची नळी आणि ब्रेक पाइप, सगळं बदला. धातूची बॉडी मात्र वाचते. सर्क्लिप (पिस्टन अडवणारी कडी) काढून पिस्टन बाहेर घ्या, आत नखाला लागेल अशी रेघ किंवा गंजाचा खड्डा असेल तरच नवा सिलेंडर. पॉलिश पेपर मारू नका.

धुवायला पेट्रोल-रॉकेल नाही, आयसोप्रोपाइल अल्कोहोल घ्या, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं असते. बारीक छिद्रात वायरीतली एक तांब्याची तार घाला, सुई नको, छिद्र मोठं होते. नवे कप ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवूनच बसवा, कोरडे घातले तर कड दुमडते.

पाना१२
बरोबर. बँजोचे वॉशर प्रत्येक जोडाला दोन, नवेच. डॉट ४ ची २५० मिली सीलबंद बाटली घ्या, कारण उघडी राहिलेली हवेतलं पाणी ओढते आणि तिचा उकळबिंदू उतरतो. पाइपमधली एअर काढताना टाकीतलं ऑइल तळाला जाऊ देऊ नका. रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी टाका, नाहीतर रंग सोलून निघतो. आणि नव्या पॅडवर तेल उडालं असेल तर तेही गेले समजा.

वऱ्हाडी गॅरेज
त्या शॉकअप ऑइलमधलं पुढच्या ब्रेकच्या टाकीत तर नाही ना टाकलं?

कपाशीवाला
नाही, पुढची पातळी बरोबर होती, झाकण उघडलंच नाही. किट आणायला उद्या वणीला जातो.

वऱ्हाडी गॅरेज
बसनं जा. गाडी उभीच राहू द्या.