आईला फ्रंटल फायब्रोसिंग अलोपेशिया, मग मलाही होणार का?

सांजवात: आईची कपाळावरची केसांची रेघ दोन वर्षांत बोटभर मागे गेली, भुवया पण विरळ, बायोप्सीत हे नाव निघालं, म्हणजे केसांच्या मुळांना व्रण पडून केस जाण्याचा आजार. मी ३४ ची, रोज आरशात कपाळ मोजत बसते. जेनेटिक आहे का हे?

चहाबाज: थोडंफार आहे, पण आईला म्हणजे लेकीला असं सरळ गणित नाही. २०१९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या टीमचा जीनोमचा (म्हणजे सगळ्या जीन्सचा) अभ्यास आला, त्यात सगळ्यात जोरदार धागा एचएलए-बी*०७:०२ चा, म्हणजे इम्युनिटीला आपलं-परकं ओळखायला मदत करणाऱ्या जीनचा एक प्रकार, शिवाय सीवायपी१बी१ हे जीन, ते शरीरात हार्मोन्स मोडण्याच्या कामाशी जोडलेलं. पण ०७:०२ असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, उगाच टेस्टवर पैसे घालवू नकोस.

निंबोणी: आणि तो अभ्यास युरोपियन वंशाच्या बायकांवरचा, आपल्याला जसाच्या तसा लावू नये. भुवया विरळ होणं, केसांच्या मुळाशी लाली, खाज याकडे बघ. व्रण पडलेल्या मुळातून केस परत येत नाही, म्हणून शंका आली की लगेच स्किनवाल्या डॉक्टरकडे.

सांजवात: खाज तर कोंड्यानेही येते ना :( बरं, आईच्या पुढच्या व्हिजिटला माझंही दाखवते.