आर्मी कमांडरची व्हिजिट म्हणजे नक्की असतं काय?

भाऊ फौजेत आहे, कुठे ते लिहीत नाही. गणपतीला येणार होता, तिकीट पण कन्फर्म, परवा फोन आला की आर्मी कमांडर येतोय म्हणून सुट्टी पुढं ढकलली. दोन आठवडे झाडांना गेरू-चुना मारतोय म्हणे. आई विचारतेय, एवढा मोठा साहेब काय झाडं बघायला येतो का? कोणी फौजी असेल तर सांगा.

माजी_हवालदार :
ताई जे हलतंय त्याला सलाम अन जे हलत नाही त्याला चुना, फौजेत जुनंच आहे हे 😄 पण आर्मी कमांडर म्हणजे साधी गोष्ट नाय. सगळ्या आर्मीत कमांड म्हणजे मोठे विभाग सात, एकेकाचा प्रमुख तो आर्मी कमांडर, त्यातली एक कमांड शिमल्याची ट्रेनिंगची. आपली पुण्याची सदर्न कमांड १८९५ पासूनची, राजस्थानपासून पार तमिळनाडूपर्यंत, जोधपूरची १२ कोर अन भोपाळची २१ कोर (कोर म्हणजे कमांडखालची मोठी फौज) तिच्याच खाली. लेफ्टनंट जनरल, गाडीवर तीन स्टार. माझ्या १७ वर्षात आमच्या युनिटला दोनदाच आला. अन खरं काम झाडापाशी नसतंच, ते ऑप्स रूममधे. सीओ म्हणजे युनिटचा प्रमुख, तो अन त्याच्या वरचा ब्रिगेड कमांडर ब्रीफिंग देतात, माणसं किती कमी, कुठल्या गाड्या स्पेअरवाचून उभ्या. एरवी हाच कागद ब्रिगेड, डिव्हिजन, कोर अशा पायऱ्या चढत बसतो, त्या दिवशी निर्णय घेणारा समोरच बसलेला. हुशार सीओ एकच मागणी धरून बसतो, दहा मांडल्या तर एकही मिळत नाही.

फौजीची_बायको :
दादा आम्ही तर 'सब ठीक है सर' हेच जास्त ऐकलंय. सोबत साहेबांच्या मॅडम पण येतात, त्या कमांडच्या आवाच्या (फौजींच्या बायकांची संघटना) अध्यक्ष असतात, त्या बायकांशी बोलतात. आमच्याकडं एकीनं उभं राहून क्वार्टरच्या पाण्याचं सांगून टाकलं, सगळ्या सीओच्या मिसेसकडं बघायला लागल्या, पण आठवड्यात टाकी बदलली.

माजी_हवालदार :
सैनिक संमेलनात, म्हणजे सगळ्या जवानांना एकत्र बसवतात तिथं पण 'किसी को कुछ पूछना है?' विचारतात, पण प्रश्न आदल्या दिवशीच वाटलेले असतात. माझ्या पुढच्याला सुभेदार मेजर साहेबानं पाठ करून घेतला होता, तो ऐनवेळी विसरला अन 'जय हिंद साब' म्हणून खाली बसला.

प्रश्नकर्ती :
😂 आईला वाचून दाखवलं. विसर्जनाला तरी येईल का?

माजी_हवालदार :
साहेबाचं हेलिकॉप्टर उडालं की क्लार्ककडं सुट्टीवाल्यांची लाईन लागते, पुढं उभा राहा म्हणावं त्याला. अन साहेबाच्या येण्याची तारीख इथं टाकली नाहीस ते बरं केलंस, टाकू पण नको.