सर्दीच्या गोळीसाठी लायसन्स? मेथवरच्या कायद्यांनी खरंच काही झालं का?

रानवारा
अमेरिकेत नवीन आहे. नाक चोंदलं म्हणून फार्मसीत गेलो तर काउंटरमागून पाकीट काढलं, लायसन्स स्कॅन केलं, वर सही घेतली. त्यातून मेथ (मेथॅम्फेटामिन, नशेचं ड्रग) बनवतात म्हणून हा नियम म्हणे. पण बनवणारे थांबले का यानं? की त्रास फक्त आजारी माणसाला?

केतकी_म
त्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असतं, घरगुती मेथचा कच्चा माल तोच. सुरुवात ओक्लाहोमाने केली 2004 ला, मेथवाल्यांच्या हातून मेलेल्या तीन पोलिसांची नावं आहेत त्या कायद्याला. मग बाकी राज्यांनी धडाधड तसेच कायदे केले आणि 2006 मध्ये केंद्राचा आला, दिवसाला 3.6 ग्रॅम आणि 30 दिवसांत 9 ग्रॅम, बस. घराघरांतल्या मेथ बनवायच्या लॅब खूप कमी झाल्या तेव्हा. पण दोनतीन वर्षांत लोकांनी वाट काढली, दहा जणांना दहा-दहा दुकानांत पाठवायचं, प्रत्येक दुकानात लिमिटच्या आत. म्हणून तर दुकानं ऑनलाइन जोडली, एका माणसाची सगळीकडची खरेदी दिसावी म्हणून. ओरेगॉन (2006) आणि मिसिसिपीने (2010) सरळ डॉक्टरची चिठ्ठीच लागेल असं केलं.

सुहास
आणि 2022 च्या जानेवारीपासून दोघांनीही ती अट काढली, हेही सांगा ना. कारण माल आता मेक्सिकोतून येतो, तिथे दुसऱ्याच केमिकलपासून बनवतात, या गोळीची गरजच नाही. रस्त्यावर मेथ आधीपेक्षा स्वस्त मिळतं. व्यसन कुठे कमी झालं?

अबोली
सुहास, व्यसन कमी झालं नाही हे मान्य, पण या कायद्यांचं काम ते नव्हतंच. मी फार्मसीत काम करते. लॅब म्हणजे कुणाचं तरी किचन असायचं, शेजारच्या खोलीत पोरं झोपलेली, स्फोट व्हायचे, भाजायचे लोक, आणि ते विष भिंतीत कार्पेटमध्ये मुरून राहायचं, पुढच्या भाडेकरूला पत्ताच नाही. मिझुरी राज्यात तर किती घरं अशी गेली. ती पोरं वाचली असतील तर माझ्या दोन मिनिटांच्या स्कॅनिंगचं मला काहीच वाटत नाही. व्यसनासाठी उपचारांवर पैसा लावायला हवा, तो राज्यं पुरेसा लावत नाहीत हा माझा खरा राग आहे.

आणि रानवारा, लायसन्सचा कंटाळा करून बाहेरच्या रॅकवरची फेनिलेफ्रिनची गोळी घेऊ नका. 2023 मध्ये एफडीएच्या (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) तज्ज्ञांनीच सांगितलं, तोंडाने घेतली तर चोंदलेल्या नाकाला तिचा उपयोग नाही. बीपी असेल तर मात्र काउंटरमागची स्यूडोएफेड्रिनची गोळी घेण्याआधी फार्मासिस्टला विचारा.