टाइमआउट झाल्यावर कोरूटीन सुरक्षितपणे कॅन्सल कशी करायची? डिस्ट्रॉय केलं की मेमरीत कचरा होतोय

रिंगवाला

सी प्लस प्लस २० च्या कोरूटीन (मध्येच थांबून नंतर तिथूनच पुढे चालणारी फंक्शन्स) वापरून एक छोटी नेटवर्क लायब्ररी लिहितोय, खाली लिनक्सचं आयओ-युरिंग (रिक्वेस्ट कर्नलकडे रांगेत टाकायच्या, उत्तरं नंतर दुसऱ्या रांगेत येतात), बाहेरची कुठलीही लायब्ररी नाही, सगळं एकाच थ्रेडवर. नेहमीचं काम छान चालतं, अडतंय ते कॅन्सलपाशी. समोरचा क्लायंट काहीच पाठवत नाही, रीड लटकलेलं असतं, टायमर संपतो, मग मी त्या कनेक्शनच्या कोरूटीनच्या हँडलवर (तिच्याकडे नेणाऱ्या पॉइंटरवर) सरळ डिस्ट्रॉय कॉल करतो. नियम असा आहे ना की कोरूटीन सस्पेंड असेल तरच डिस्ट्रॉय करायचं, नाहीतर अनडिफाइन्ड बिहेवियर? माझी सस्पेंडच असते, हे लॉग टाकून बघितलंय. लोकल व्हेरिएबल्सचे डिस्ट्रक्टर चालतात, सॉकेटही बंद होतं.

पण लोड टेस्ट लावली की भलत्याच ठिकाणी क्रॅश. कधी अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) म्हणतो फ्री केलेली मेमरी वापरली, आणि कधी तो गप्प, पण दुसऱ्याच कनेक्शनच्या बफरमध्ये नको ते बाइट्स दिसतात. रीडचा बफर कोरूटीनमध्येच लोकल अ‍ॅरे म्हणून आहे. लॉक, अ‍ॅटॉमिक वगैरे काही लागतंय का इथे? एकच थ्रेड आहे तर रेस (क्रम मागेपुढे झाल्याने होणारी गडबड) कुठून येते तेच कळत नाहीये.

फ्रेमपाल

लॉकचा इथे काही संबंध नाही. कोरूटीन सस्पेंड आहे म्हणजे सीपीयू तिच्यात नाहीये, एवढंच. तुझं रीड मात्र अजून कर्नलकडे आहे आणि त्याच्याकडे तुझ्या बफरचा पत्ता आहे, आणि तो बफर कोरूटीन फ्रेममध्ये (तिचे लोकल व्हेरिएबल्स ठेवायची जागा), म्हणजे हीपवर. डिस्ट्रॉय केलंस, फ्रेम फ्री झाली, अ‍ॅलोकेटरने तीच जागा पुढच्या कनेक्शनला दिली, मग पॅकेट आलं आणि कर्नलने जुन्या पत्त्यावर लिहिलं. सॅनिटायझर गप्प का, तर तो तुझ्या प्रोग्रॅममधले लोड-स्टोअर तपासतो, कर्नलने केलेलं लिखाण त्याला दिसतच नाही. आणि तो जेव्हा बोंब मारतो ते दुसरं प्रकरण, कम्प्लिशन (काम संपल्याची कर्नलची नोंद) आलं, त्याच्या युजर-डेटात (रिक्वेस्टसोबत दिलेली तुझी खूण) तू हँडल किंवा ऑपरेशनचा पॉइंटर ठेवलायस, तो मेलेल्या फ्रेमकडे जातो आणि तू त्यावर रिझ्यूम करतोस.

सॉकेट बंद केलं की रीड आपोआप थांबेल असं धरून चालू नकोस. सुरू असलेल्या रिक्वेस्टने फाइलचा रेफरन्स धरून ठेवलेला असतो, क्लोजने फक्त तुझ्या टेबलातला नंबर मोकळा होतो, आणि तो नंबर लगेच दुसऱ्या कनेक्शनला मिळू शकतो.

आता करायचं काय. कॅन्सल ही विनंती समज. टायमर संपला की असिंक-कॅन्सल रिक्वेस्ट टाक (लिनक्स ५.५ पासून आहे), युजर-डेटा त्या रीडचाच दे, आणि फ्रेमला हातही लावू नकोस. मूळ रीडचं कम्प्लिशन हमखास येतं, काहीही झालं तरी. थांबलं असेल तर मायनस ई-कॅन्सल्ड हा एरर कोड, कधी ई-इंटर, आणि आधीच पूर्ण झालं असेल तर सरळ बाइट्सचा आकडा. कॅन्सल रिक्वेस्टचं स्वतःचं कम्प्लिशन वेगळं येतं, शून्य म्हणजे सापडून थांबवलं, ई-नो-एंट म्हणजे सापडलंच नाही, ई-ऑलरेडी म्हणजे काम सुरू झालंय, थांबेल किंवा थांबणार नाही. दोन्हींचा क्रम ठरलेला नसतो, म्हणून ऑपरेशनच्या स्ट्रक्चरमध्ये एक काउंटर ठेव, किती कम्प्लिशन यायची बाकी आहेत त्याचा, आणि तो शून्य झाल्यावरच कोरूटीन रिझ्यूम कर. मग ती स्वतः ई-कॅन्सल्ड बघून एरर फेकेल, आपल्या पायांनी शेवटपर्यंत जाईल, फायनल-सस्पेंडला (शेवटच्या थांब्यावर) थांबेल, आणि डिस्ट्रॉय तिथे. फायनल-सस्पेंडमधून सस्पेंड-नेव्हर (म्हणजे तिथे थांबूच नकोस) परत करत असशील तर ते आधी काढ, त्यात फ्रेम स्वतःच मोकळी होते आणि तुझ्या हातातलं हँडल लटकतं, त्यावर डन (संपली का) विचारणंसुद्धा चुकीचं.

लूपवीर

फ्रेमपालने सांगितलं त्यात थोडी भर. एका थ्रेडवर रेस कुठून, तर बॅचमधून. कम्प्लिशन क्यूमधून एकदम बरीच उचलतोस, त्यात आधी टायमरचं आणि लगेच मागे त्याच कनेक्शनच्या रीडचं असू शकतं. टायमरवर डिस्ट्रॉय केलंस की दोन नोंदी पुढे तीच फ्रेम परत समोर येते. ई-पोलवरही (लिनक्सची सॉकेटवर नजर ठेवायची दुसरी सोय) हेच होतं, डिलीट केलं तरी आधीच अ‍ॅरेत घेतलेला इव्हेंट तसाच पडलेला असतो. आणि फक्त रीडवर टाइमआउट लागत असेल तर लिंक-टाइमआउट वापर, तोही ५.५ पासूनच आहे, टायमर आणि रीड यांची सांगड कर्नलच घालतो. दोन्हींची कम्प्लिशन मात्र येतात, ती मोजावी लागतातच.

रिंगवाला

दोघांचेही खूप आभार, बॅचचं तर डोक्यातच आलं नव्हतं. काउंटर घातला, कचरा बंद झाला. आता दोन शंका. कॅन्सल मागितलं आणि रीड यशस्वी होऊन आलं तर ते बाइट्स टाकून द्यायचे का? आणि बंद करताना मला टीएलएसचा (एन्क्रिप्टेड कनेक्शनचा) शेवटचा मेसेज पाठवायचाय, म्हणजे क्लीनअपमध्येच अवेट (सस्पेंड होऊन वाट बघणं) लागतो, डिस्ट्रक्टरमध्ये तो करता येत नाही.

फ्रेमपाल

बाइट्स: सॉकेट बंदच करणार असशील तर टाकले तरी चालेल, पण कनेक्शन पुढे वापरणार असशील तर अजिबात नाही, स्ट्रीममधला तुकडा गेला की पुढचं सगळं पार्सिंग घसरतं. त्याहून वाईट नवं कनेक्शन स्वीकारणारं अ‍ॅक्सेप्ट. कॅन्सल मागितलं तरी ते यशस्वी होऊन नवा सॉकेट नंबर हातात देऊ शकतं, तो बघितला नाहीस तर डिस्क्रिप्टर (उघड्या सॉकेटचे नंबर) गळत राहतात आणि सर्व्हर काही दिवसांनी मान टाकतो. म्हणून कॅन्सल झालेल्या ऑपरेशनचा रिझल्टही नेहमी वाचायचा.

क्लीनअपमधला अवेट: कॅच ब्लॉकमध्येही को-अवेट चालत नाही, भाषाच नाही म्हणते. कॅचमध्ये एक्सेप्शन-पॉइंटर साठवून ठेव, बाहेर ये, तिथे शटडाउन अवेट कर, मग परत फेक. आणि तो शटडाउन जुन्या स्टॉप-टोकनशी (थांबायची विनंती पोचवणारा ऑब्जेक्ट) बांधलेला नसावा. टोकनवर स्टॉप आधीच मागितलेला असतो, त्यामुळे पहिलाच अवेट लगेच कॅन्सल होऊन परत येतो आणि मेसेज जातच नाही. क्लीनअपला कॅन्सल न होणारं वेगळं टोकन दे, आणि त्याचा स्वतःचा छोटा टाइमआउट, कारण समोरचा गायब असेल तर तू अनंतकाळ वाट बघत बसशील.

अजून एक, पालक कोरूटीन मुलाला अवेट करत असेल तर मधल्याच मुलाला कधी डिस्ट्रॉय करू नकोस. पालकाच्या फ्रेममध्ये त्याचा टास्क ऑब्जेक्ट आहे, तो आपल्या डिस्ट्रक्टरमध्ये त्याच हँडलला पुन्हा डिस्ट्रॉय करेल.

सीप्रेमी

आम्ही हेच शुद्ध सी मध्ये केलंय, प्रत्येक कोरूटीनला वेगळा स्टॅक, आणि तिथे परिस्थिती जास्त कठीण आहे कारण डिस्ट्रक्टर नावाची गोष्टच नाही. थांबलेल्या कोरूटीनचा स्टॅक फ्री केला की तिने घेतलेलं लॉक, मॅलॉक, उघडलेल्या फाइल सगळं तसंच राहतं, आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे वेट-क्यूचे (वाट बघणाऱ्यांच्या लिस्टचे) नोड, ते बहुतेकदा स्टॅकवरच असतात, म्हणजे लिस्ट आता फ्री झालेल्या मेमरीतून फिरते. म्हणून आमच्याकडे बाहेरून मारणं हा प्रकारच ठेवला नाही. फ्लॅग लावायचा, कोरूटीन उठवायची, वेट फंक्शन स्वतः लिस्टमधून नोड काढतं आणि मायनस ई-कॅन्सल्ड परत करतं, मग प्रत्येक फंक्शन आपल्या गोटू-आउट लेबलवर जाऊन आपापलं सोडतं. कंटाळवाणं आहे, पण वाचणाऱ्याला प्रत्येक सुटका डोळ्यांनी दिसते, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

स्टॅक मोकळा कधी करायचा हाही प्रश्न येतो. ज्या स्टॅकवर उभे आहोत तोच अनमॅप करता येत नाही, आधी शेड्युलरच्या स्टॅकवर स्विच आणि मग शेड्युलर तो मोकळा करतो. लाँग-जंप (मधली फंक्शन्स ओलांडून थेट उडी) मारून बाहेर पडायचा मोह कुणालाही होऊ नये, वेगवेगळ्या स्टॅकमध्ये तो वापरणं अनडिफाइन्ड आहे आणि मधली सगळी क्लीनअप गाळली जाते.

लूपवीर

हे टेस्ट कसं करायचं तेही सांगतो, लोड टेस्टवर विसंबू नकोस, ती नशिबावर चालते. आयओ-युरिंगच्या जागी एक नकली रिअ‍ॅक्टर घाल ज्यात कम्प्लिशन कधी आणि कुठल्या क्रमाने द्यायची ते तू ठरवतोस. मग तीच टेस्ट परत परत चालव, पहिल्या खेपेला पहिल्या सस्पेंड पॉइंटवर कॅन्सल, दुसऱ्या खेपेला दुसऱ्यावर, असं पॉइंट संपेपर्यंत, आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही क्रम: रीड आधी कॅन्सल नंतर, आणि उलट. नकली रिअ‍ॅक्टरने बफरमध्ये अगदी शेवटच्या क्षणी लिहायचं, तेही साध्या मेमकॉपीने, म्हणजे जे कर्नलचं लिखाण सॅनिटायझरला दिसत नव्हतं ते इथे दिसेल. प्रॉमिसच्या (कोरूटीनचं वागणं ठरवणारा टाइप) ऑपरेटर-न्यू आणि डिलीटमध्ये जिवंत फ्रेमचा काउंटर ठेव, प्रत्येक खेपेच्या शेवटी तो शून्य आणि उघडे डिस्क्रिप्टर सुरुवातीइतकेच असले पाहिजेत.

रिंगवाला

नकली रिअ‍ॅक्टर आज लिहिला. तिसऱ्या सस्पेंड पॉइंटवर कॅन्सल केल्यावर एक डिस्क्रिप्टर उरतोय, अ‍ॅक्सेप्टवालाच निघाला, फ्रेमपालने सांगितलेला. दुरुस्त करून कोड इथेच टाकतो.