मदत हवी आहे: बिनव्याजी कर्ज देऊन संस्था टिकते कशी?

तिखटमीठ: उद्या सकाळी सादरीकरण आहे. मुस्लिम देशांतली सामाजिक उद्योजकता. संस्था कर्ज देते, व्याज शून्य, तरी इतकी वर्षं चालू आहे. पगार, भाडं, बुडीत कर्ज कुठून भागतं? सरांना पटत नाहीये. प्लीज लवकर सांगा.

खडूफळा: कुठली संस्था? कुठला देश?

जुना_बँकर: ग्रामीण बँकच असणार. बांगलादेश. १९७६ला तिचे संस्थापक मुहम्मद युनूस यांनी जोबरा गावात ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले, तिथून सगळं सुरू झालं. पण तेही व्याज घेतात. व्याजाशिवाय कुणी टिकत नाही, आमची हयात कर्जखात्यात गेली.

तिखटमीठ: काका, ग्रामीण नाही हो! अखुवत, लाहोर. आणखी कुठली असणार?

मस्कतकर: मग आधी लिही ना बाई. २००१ला अमजद साकिब यांनी एका विधवेला १०,००० रुपये दिले, तिथून सुरुवात. पद्धत कर्ज-ए-हसनाची, म्हणजे मुद्दल तेवढंच परत. खर्च देणग्यांतून, आणि कर्ज फेडलेली माणसंही पुढे देणगी देतात. वाटप मशिदीत, चर्चमध्येही, म्हणजे हॉलचं भाडं नाही. पाकिस्तानातल्या पंजाब प्रांताच्या सरकारनेही कर्जासाठी मोठा निधी दिलाय. ते लपवू नकोस, सर तिथेच पकडतील.

जुना_बँकर: म्हणजे दानधर्मच! उद्योजकता कुठे आहे यात? इजिप्तचं सेकेम घे. १९७७ला इब्राहिम अबुलैश यांनी बिलबैसजवळ वाळवंटात शेती उभी केली. औषधी वनस्पती, चहा, कापूस विकून शाळा आणि दवाखाना चालवले.

मस्कतकर: सेकेमलाही बाहेरून भांडवल आलंच की. तुम्हाला फक्त लाहोरच्या देणग्या दिसतात.

दुबईवाला: फ्री झोनमध्ये लायसन्स काढा, ऑनलाइन होतं. मी स्वतः काढलंय.

खडूफळा: कुणी विचारलं, भाऊ?

तिखटमीठ: दादा, फेडलं नाही तर?

मस्कतकर: जामीनदार लागतात. आणि चारचौघांत, मशिदीत बसून घेतलेलं कर्ज बुडवायला तोंड लागतं. वसुली ९९ टक्क्यांच्या वर असल्याचं संस्था सांगते. स्लाइडवर "संस्था सांगते" असंच लिही. साकिबना २०२१ला मॅगसेसे मिळाला, तेही टाक.

गोधडी: सेकेमच्या कापसाचे लहान मुलांचे कपडे पुण्यात कुठे मिळतात का?