मदत हवी आहे: रायफलसाठी विमानात चालेल अशी कडक पेटी

नमस्कार मंडळी. मी मिनेसोटात राहतो. इथे हरणाच्या हंगामात गाडीनेच जातो, त्यामुळे कापडी कव्हरवर भागायचं. या ऑक्टोबरात मात्र एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीसाठी विमानाने कोलोरॅडोला जायचंय. नियम वाचलेत: रायफल रिकामी, कडक कवचाची कुलूपबंद पेटी, काउंटरवर सांगून चेक-इन, किल्ली आपल्याकडेच. अडलंय ते पेटी निवडण्यात.

रायफल बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीनंतर हाताने दांडी ओढून पुढची भरायची) आहे, लांबी ४३ इंच, वर नेम धरायची दुर्बीण. खरी काळजी दुर्बिणीचीच. गेल्या वर्षी गाडीत कव्हर आडवं पडलं आणि नेम चार इंच सरकला. डोंगरात तसं झालं तर जनावर नुसतं जखमी होऊन पळेल, ते मला अजिबात नको.

आतून ४६ इंचांची पेटी पुरेल का, की ५० च्या पुढचीच घ्यावी? मोठी घेतली तर सामानाची ५० पौंडांची मर्यादा गाठायची भीती. फोम मापाने कापून बसवायचा की उंचसखल तयार चालतो? थंडीतून उबेत आल्यावर नळीवर दव धरतं, ओल्या फोममध्ये गंज चढतो, तेव्हा मुक्कामी तुम्ही काय करता?

कुणी रायफल घेऊन विमानाने गेलं असेल तर कृपया अनुभव सांगा.